तराजूची साक्ष

आरतीच्या तबकातील कापूर जळून गेला की मागे काही उरत नाही. या दृश्याचा दृष्टांत आपल्या कीर्तनकारांनी अनेकवार दिलेला आहे. कापरासारखा अहंकार जळावा, राखही उरू नये, असे ते सांगतात. दृष्टांत म्हणून तो सुंदर आहे व त्यास बाध आणण्याचा आमचा हेतू नाही. तथापि देवळाच्याच आवारात आणखी दोन वस्तू नांदत असतात व त्यांची हकीकत वेगळी आहे. एक भिंतीचा चुना आणि दुसरी मारुतीच्या अंगावरील शेंदूर. कोकणपट्टीत व गोमंतकात पूर्वापार चुना होत आला तो शिंपल्यांचा. शंभर शेर शुद्ध शिंपले भट्टीत पुरते भाजले, तर कळीचा चुना निघतो सुमारे छप्पन्न शेर. उलट परंपरेने ज्यास शेंदूर म्हणतात तो शिसे हवेत तापवून होतो. शंभर शेर शिशाचे प्रथम पिवळसर मुरदाडशिंग व मग तांबडा शेंदूर झाला, तर त्याचे वजन भरते सुमारे एकशे दहा शेर.

अग्नी एकच; पण कापूर नाहीसा होतो, शिंपला हलका होतो आणि शिसे जड होते. एका न्यायाधीशाने सारख्याच दाव्यांत तीन वेगळे निकाल द्यावेत असा हा प्रकार. या तीन निकालांमागे एकच कायदा आहे, हे कळावयास युरोपातील विद्वानांना अडीचशे वर्षे लागली. तो कायदा म्हणजेच आज शाळकरी मुलांस शिकविल्या जाणाऱ्या रासायनिक क्रियेचा पाया होय. आम्ही व्यवसायाने वकील, रसायनशास्त्री नव्हे. परंतु हा इतिहास मुळात पुराव्याचा इतिहास असल्यामुळे तो वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करू. तूप पातळ होते व पुन्हा थिजते. ते तूपच राहते. पाण्याची वाफ झाली तरी ते पाणीच. यास आपण केवळ अवस्थांतर म्हणतो. परंतु हळदीत चुन्याची निवळी मिसळताच पिवळ्याचे तांबडे होते, शिशाचा शेंदूर होतो, द्राक्षरसाची दारू होते. अशा ठिकाणी मूळ पदार्थाचा धर्म पालटून नवा पदार्थ जन्मास येतो. ही रासायनिक क्रिया. आता प्रश्न असा, की नवा पदार्थ आला कोठून आणि जुना गेला कोठे?

सतराव्या व अठराव्या शतकांत या प्रश्नाचे जे उत्तर सर्वमान्य झाले, ते जर्मनीतील बेखर व स्टाल या दोन पंडितांचे. बेखरने १६६९ साली बीज टाकले व स्टालने पुढे त्याचा वृक्ष केला. प्रत्येक जळणाऱ्या पदार्थात ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे एक दाह्य तत्त्व वसत असते आणि जळणे म्हणजे ते तत्त्व बाहेर निघून जाणे, अशी ही उपपत्ती. लाकडात ते पुष्कळ, म्हणून राख थोडी. धातू तापविला की तत्त्व निघून जाते व मागे राहते ते भस्म. त्या भस्मात कोळसा घालून पुन्हा तापविले की कोळशातील तत्त्व भस्मात शिरते व धातू परत मिळतो. झाकलेल्या भांड्यात दिवा विझतो, कारण आतली हवा त्या तत्त्वाने भरून जाते.

ही उपपत्ती आज हास्यास्पद वाटते. पण तिला तसे हसणे अन्यायाचे होईल. जळणे, गंजणे आणि खनिजापासून धातू काढणे, या वरवर भिन्न दिसणाऱ्या क्रिया एकाच जातीच्या आहेत हे तिनेच प्रथम नीट दाखविले, आणि ते खरे होते. तिचे व्यंग एवढेच, की तिच्याविरुद्ध एक साक्षीदार फार दिवसांपासून न्यायालयाच्या दारात उभा होता व त्यास कोणी आत बोलावीत नव्हते. तो साक्षीदार म्हणजे तराजू.

धातूतून काही निघून जात असेल, तर भस्म हलके भरावयास हवे. ते भरते जड. इटलीतील धातुविद बिरिंगुच्चो याने १५४० साली छापलेल्या ग्रंथात शिसे भाजले असता वाढते, याची नोंद केली आहे. १६३० साली झां रे या फ्रेंच वैद्याने कथील व शिसे यांची वाढ हवेमुळे होते असे लिहिले. पण त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १६७३ साली इंग्लंडच्या रॉबर्ट बॉइलने हाच प्रयोग करून निष्कर्ष काढला, की अग्नीचे सूक्ष्म कण काच भेदून धातूत शिरत असले पाहिजेत. बॉइल हा थोर प्रयोगकर्ता. परंतु येथे त्याच्या हातून एक उणीव राहिली. त्याने भांडे आधी उघडले व मग वजन केले. सीलबंद मुद्देमालाचे सील पंचनाम्यापूर्वीच तुटावे, तसा हा प्रकार झाला. रशियाच्या लोमोनोसॉव्हने १७५६ साली भांडे न उघडता वजन करून पाहिले, तेव्हा त्यात वाढ आढळली नाही. पण ते कार्य पश्चिम युरोपात फारसे पोहोचले नाही.

फ्लॉजिस्टनवाद्यांना ही वजनवाढ ठाऊक नव्हती असे नाही. काहींनी ती दुर्लक्षिली. काहींनी तर फ्लॉजिस्टनचे वजन उणे असते असा युक्तिवाद केला! न्यायालयात आम्ही असे युक्तिवाद नित्य ऐकतो. पुरावा विरुद्ध गेला की पक्षकार गोष्ट बदलीत नाही. गोष्टीस एक नवे ठिगळ लावतो. जी उपपत्ती कोणताही पुरावा पचवू शकते, तिला कोणत्याच पुराव्याचा आधार मिळू शकत नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

हवेचा हिशेब प्रथम काटेकोरपणे मांडला तो स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने, आणि तोही आपल्या चुन्याच्याच प्रकरणात. १७५४ ते १७५६ या काळात त्याने मॅग्नेशिया व चुनखडी यांवर प्रयोग करून दाखविले, की भाजताना जे वजन घटते ते एक विशिष्ट हवा बाहेर पडल्यामुळे. त्या हवेस त्याने ‘बद्ध हवा’ म्हटले. आज आपण तीस कार्बन डायऑक्साइड म्हणतो. हवा ही केवळ रिकामी जागा भरणारी वस्तू नव्हे, ती पदार्थात बांधली जाते व त्यातून सुटते, तिलाही वजन आहे व ते जमाखर्चात धरले पाहिजे, ही गोष्ट येथून पुढे नाकारता येईना.

अशा वेळी या खटल्यात आंत्वान लाव्हाझिए उभा राहिला. जन्म पॅरिस, २६ ऑगस्ट १७४३. वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण याने १७६४ साली कायद्याची पदवी घेतली होती. वकिली मात्र केली नाही. १७६८ साली, पंचविशीच्या सुमारास, तो फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत निवडला गेला आणि त्याच वर्षी त्याने सरकारी करवसुलीच्या इजाऱ्यात भाग घेतला. मीठ, तंबाखू, जकात यांचे कर राजाच्या वतीने गोळा करणारी ही इजारदारांची मंडळी होती. जमाखर्चाची शिस्त त्याच्या अंगी मुरलेली होती, आणि प्रयोगशाळेत त्याने नेमकी तीच आणली.

त्याचा पहिला मोठा प्रयोग पाण्याचा. पाणी पुष्कळ दिवस उकळले की तळाशी माती साचते. म्हणून पाण्याची माती होते असा जुना समज होता. लाव्हाझिएने १७६८च्या ऑक्टोबरात बंद काचपात्रात पाणी घालून ते १०१ दिवस तापत ठेवले. शेवटी सर्व मिळून वजन पूर्वीइतकेच भरले, पाण्याचे वजन बदललेले नव्हते, आणि पात्राचे मात्र घटले होते. माती आली होती ती बव्हंशी काचेतून! आरोपी पाणी निर्दोष ठरले.

१७७२च्या नोव्हेंबरात त्याने अकादमीकडे एक बंद लखोटा ठेवला. गंधक व फॉस्फरस जळताना हलके न होता जड होतात व ही वाढ हवेतून येते, असे त्यात नमूद होते. १७७४ साली त्याने बॉइलचा प्रयोग पुन्हा केला. कथील बंद पात्रात घालून तापविले. पात्र न उघडता तोलले. वजन जसेच्या तसे. मग पात्र उघडले, तेव्हा बाहेरची हवा आवाज करीत आत शिरली. आणि आत शिरलेल्या हवेचे वजन व कथिलाची वाढ यांचा मेळ बसला. अग्नीचे कण काच भेदून येतात, ही गोष्ट येथे संपली. परंतु हवेचा कोणता भाग धातू घेतो, हे अद्याप उमगले नव्हते.

ते उमगण्यास कारण झाले एक जेवण. इंग्लंडचे धर्मोपदेशक व प्रयोगकर्ते जोसेफ प्रीस्टले यांनी १ ऑगस्ट १७७४ रोजी पाऱ्याचे तांबडे भस्म भिंगाच्या साहाय्याने सूर्यकिरणांनी तापविले, तेव्हा एक हवा निघाली. तिच्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. ऑक्टोबरात ते पॅरिसला आले असता लाव्हाझिएच्या घरी जेवताना त्यांनी ही हकीकत मोकळेपणाने सांगितली. त्याच सुमारास स्वीडनमधील औषधविक्रेता कार्ल शेले याने लाव्हाझिएस पत्र लिहून ही हवा काढण्याची एक रीत कळविली होती. शेलेने ती खरे तर प्रीस्टले यांच्याही आधी मिळविलेली होती. पण त्याचा ग्रंथ छापून निघाला १७७७ साली.

लाव्हाझिएने हा धागा धरून जो प्रयोग केला, तो पुढे शास्त्रात आदर्श ठरला. चार औंस पारा व पन्नास घनइंच हवा एका बंदिस्त रचनेत ठेवून त्याने बारा दिवस सतत तापविले. पाऱ्यावर तांबडे कण जमले. हवा उरली बेचाळीस ते त्रेचाळीस घनइंच, व तीत मेणबत्ती विझू लागली. तांबडे भस्म तोलले, ते भरले ४५ ग्रेन. तेच भस्म अधिक तापविले, तेव्हा ४१.५ ग्रेन पारा परत मिळाला आणि सात ते आठ घनइंच हवा बाहेर पडली. ज्वलनास व श्वासोच्छ्वासास पोषक अशी. ती विझलेल्या हवेत मिसळताच मूळची साधी हवा पुन्हा तयार झाली. आजचे अणुभार घेऊन आम्ही हिशेब करून पाहिला. ४५ ग्रेन भस्मात पारा यावयास हवा ४१.७ ग्रेन. अडीचशे वर्षांपूर्वीच्या तराजूची साक्ष इतकी खरी होती.

या हवेस त्याने १७७७च्या सुमारास जे नाव दिले, त्यापासून ‘ऑक्सिजन’ हा शब्द आला; आपण तीस प्राणवायू म्हणतो. जळणे म्हणजे काही निघून जाणे नव्हे, तर प्राणवायूशी संयोग होणे, हा निकाल ठरला. पुढे लाप्लासच्या साह्याने त्याने दाखविले, की प्राण्याचा श्वासोच्छ्वास हेही एक मंद ज्वलनच आहे.

मग प्राणवायूच्या शोधाचे श्रेय कोणाचे? आमच्या मते यास एकाच नावाचा हुकूमनामा होऊ शकत नाही. प्रथम मिळविला शेलेने, प्रथम जाहीर केला प्रीस्टले यांनी, प्रथम ओळखला लाव्हाझिएने. प्रीस्टले अखेरपर्यंत त्यास ‘फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा’ समजत राहिले. वस्तू हाती होती, पण तिचे नाव-गाव कळले नव्हते. तथापि १७७५च्या आपल्या निबंधात लाव्हाझिएने प्रीस्टले यांचा नामोल्लेखही केला नाही. ज्याने इतरांच्या हिशेबातील ग्रेनदेखील सोडला नाही, त्याने हे देणे आपल्या खात्यावर मांडले नाही, हे नमूद करणे भाग आहे.

या कार्यात त्याची पत्नी मारी-आन हिचा वाटा मोठा. १७७१ साली विवाह झाला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ती इंग्रजी शिकली, चित्रकला शिकली, प्रयोगांच्या नोंदी ठेवू लागली. आयरिश पंडित किर्वन याने फ्लॉजिस्टनच्या बाजूने लिहिलेल्या ग्रंथाचा तिने फ्रेंच अनुवाद केला, व तो १७८८ साली विरुद्ध पक्षाच्या खंडनासह प्रसिद्ध झाला. प्रतिपक्षाचे म्हणणे शब्दशः छापून मग त्यास उत्तर देणे, याहून सभ्य वादविवाद कोणता? तीनच वर्षांनी किर्वनने स्वतः हार मानली.

१७८९ साली लाव्हाझिएचा रसायनशास्त्राचा मूलग्रंथ प्रसिद्ध झाला. द्राक्षरस आंबण्याची क्रिया समजावताना त्याने त्यात तत्त्व सांगितले, की कोणत्याही क्रियेत नवे काही निर्माण होत नाही. क्रियेपूर्वी जेवढे द्रव्य, तेवढेच क्रियेनंतर. म्हणून दोन्ही बाजूंचे समीकरण मांडता येते. पुढे १८०८ साली डाल्टनने त्याचे कारण दिले. अणू नष्ट होत नाहीत, त्यांची केवळ सोयरीक बदलते.

आता आपले तिन्ही दावे या कायद्याखाली चालवून पाहू. शिसे सुमारे ६२२ भाग व प्राणवायू ६४ भाग मिळून शेंदूर होतो ६८६ भाग, म्हणून वाढ. शिंपला १०० भाग, त्यातून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड उडून जातो व ५६ भाग चुना उरतो, म्हणून घट. त्या ५६ भागांत १८ भाग पाणी मुरते तेव्हा विरलेला चुना होतो ७४ भाग. भिंतीवर चढल्यावर तो हवेतून पुन्हा तेच ४४ भाग सावकाश ओढून घेतो, १८ भाग पाणी सोडतो, आणि शंभर भागांचा हिशेब पुरा होतो. जुन्या देवळाची चुन्याची भिंत वर्षानुवर्षे घट्ट होत जाते ती यामुळे. शिंपला भट्टीतून फिरून भिंतीत पुन्हा शिंपल्याच्याच द्रव्याला पोहोचलेला असतो.

राहिला कापूर. १५२ भाग कापूर पूर्ण जळण्यास ४३२ भाग प्राणवायू लागतो. बेरीज ५८४. त्यातून होतो ४४० भाग कार्बन डायऑक्साइड व १४४ भाग पाण्याची वाफ. बेरीज पुन्हा ५८४. प्रत्यक्षात थोडी काजळी धरते, तिचाही हिशेब याच वहीत बसतो. तबक रिकामे झाले, कापूर नष्ट झाला नाही. तो गाभाऱ्याच्या हवेत गेला, आणि आपल्याबरोबर स्वतःच्या जवळजवळ तिप्पट वजनाचा प्राणवायू घेऊन गेला.

येथे काही वाचक विचारतील, की आपल्या रसाचार्यांना हे ठाऊक नव्हते काय? प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ व १९०९ साली दोन खंडांत हिंदू रसायनाचा इतिहास लिहून या प्रश्नास प्रामाणिक वाट करून दिली आहे. धातूंचे मारण, भस्मे, ‘रसरत्नसमुच्चया’तील जस्त काढण्याची रीत ही खरोखर उच्च प्रतीची कारागिरी होय. परंतु शेंदूर करता येणे वेगळे आणि शेंदूर जड का, हे तोलून सिद्ध करणे वेगळे. कारागिरीचे श्रेय कारागिरीस द्यावे, उपपत्तीचे उपपत्तीस. पूर्वजांच्या नावावर नसलेली रक्कम जमा केल्याने त्यांचा मान वाढत नाही; असलेल्या रकमेवर मात्र संशय येतो.

लाव्हाझिएचे सर्वच म्हणणे टिकले असेही नाही. प्रत्येक अम्लात प्राणवायू असतो असे तो समजे. १८१०च्या सुमारास डेव्हीने ते खोटे ठरविले. उष्णतेस त्याने मूलद्रव्यांच्या यादीत बसविले होते, तेही गेले. त्याचा जमाखर्चाचा कायदा मात्र टिकला. जर्मनीच्या लांडोल्टने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक वर्षे बंद नळ्यांत क्रिया घडवून तोलल्या. दहा लाखांत एका भागाइतकाही फरक त्यास सिद्ध करता आला नाही. १९०५ साली आइन्स्टाइनने वस्तुमान व ऊर्जा यांचे नाते सांगितले, त्यानुसार जळताना उष्णतेबरोबर किंचित वस्तुमान जाते खरे. पण कोळशाच्या ज्वलनात ते एक हजार कोटी भागांत एका भागाच्या आसपास असते. तराजूस त्याची गंधवार्ताही लागत नाही.

इतिहासाचा शेवटचा भाग मात्र आम्हा कायद्याच्या माणसांस मान खाली घालावयास लावणारा आहे. राज्यक्रांतीत इजारदारांविषयीचा लोकक्षोभ उफाळून आला. तो निष्कारण होता असे आम्ही म्हणणार नाही. मिठावरील कर ज्याने भरला असेल त्याला इजारदार प्रिय वाटणे शक्य नव्हते. १७९३च्या नोव्हेंबरात लाव्हाझिए कैदेत पडला. तंबाखूत पाणी मिसळून लोकांस लुबाडल्याचाही आरोप इजारदारांवर होता. म्हणजे ज्याने जन्मभर वजने केली, त्याच्यावर खोट्या वजनाचा ठपका! ८ मे १७९४ रोजी क्रांतिन्यायालयापुढे एका दिवसात सुनावणी, निकाल व अंमलबजावणी झाली. अठ्ठावीस इजारदार वधस्तंभावर गेले. सासरे पोल्झ यांचे शिर लाव्हाझिएच्या समोर उडविले गेले, व त्यामागून त्याचे. वय पन्नास. प्रजासत्ताकास विद्वानांची गरज नाही, असे न्यायाधीश म्हणाल्याची आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. तिला विश्वसनीय समकालीन आधार नाही, म्हणून आम्ही ती पुराव्यात घेत नाही. घेण्याची गरजही नाही. अठ्ठावीस माणसांचे प्राण एका दिवसात तोलता येत नाहीत, एवढे पुरेसे आहे. दीड वर्षाच्या आत, १७९५ साली, जप्त केलेली चीजवस्तू त्याच्या विधवेस परत मिळाली.

त्याच वसंतात प्रीस्टले अमेरिकेस जाणाऱ्या जहाजावर चढले होते. त्यांच्या मतांवर रुष्ट झालेल्या जमावाने १७९१ साली बर्मिंगहॅममधील त्यांचे घर व प्रयोगशाळा जाळली होती. प्राणवायू जाहीर करणारा देशोधडीस लागला, ओळखणारा वधस्तंभावर गेला. आणि दोन्हीकडे न्याय करीत होता तो जमावाचा राग.

वाचकहो, आपली मुले रसायनाच्या वहीत समीकरणाच्या दोन बाजू जुळवीत बसतात, तेव्हा तो रुक्ष आकडेमोडीचा खेळ आहे असे त्यांस वाटू देऊ नये. डोळ्यांना जे नाहीसे झालेले दिसते त्याचाही शोध घ्यावा, हवेत गेलेल्याचाही हिशेब धरावा, आणि दोन्ही पारडी जुळेपर्यंत निकाल देऊ नये, हा त्यातील धडा आहे. तो प्रयोगशाळेत शिकविला जातो खरा. पण त्याची गरज न्यायालयास आहे, देवस्थानाच्या सभेस आहे, आणि पंचांच्या ओट्यावरही तितकीच आहे.